थंड होईपर्यंत हात लावू नये

आधी ड्रॉवर रिकामा केला.
चाळीस वर्षांचं राईचं पीठ
लाकडाच्या फटीफटींत बसलेलं.
जुन्या टूथब्रशने, सुईने, शेवटी
ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरायच्या पंपाने काढलं.
तरी खात्री नाही.
कणभरही पुरतं म्हणतात.
हिल्काचं आंबवणाचं लाकडी घमेलं,
तिच्या आईचं, कधीच न धुतलेलं,
उचलून साउनाघरात नेऊन ठेवलं.
"चारच दिवस," मी त्याला म्हटलं.
माणसांशी बोलायची सवय मोडली
की असं होतं.

कृती फोनवर लिहून घेतली
दूध-संघाच्या लिफाफ्याच्या पाठीवर.
साइमी सांगत होती:
ओट्स दोनशे ग्रॅम, पाकिटावर
कणसावर काट मारलेली असेल तेच घे.
लोणी नाही. अंडं नाही. दूध
इथे ती थांबली.
मीही थांबलो.

बावीस गायी ऑक्टोबरात गेल्या,
एका दुपारी, दोन फेऱ्यांत.
मान्सिक्की फळीवर चढेना.
मान्सिक्की म्हणजे स्ट्रॉबेरी, कपाळावर तसा डाग.
मी नावाने हाक मारली
आणि ती चढली.
हे साइमीला सांगितलेलं नाही.
"दूध नाही," मीच म्हटलं. "पुढे?"

कॉफीच्या यंत्रात ओट्स दळले.
पिठाला कॉफीचा वास लागला. लागू दे.
गव्हाचं पीठ मळताना उलटं ओढतं,
त्याला स्वतःचं म्हणणं असतं.
हे गप्प.
उणे पंचवीसला पडतो ना तो बर्फ,
मुठीत कितीही आवळा, गोळा होत नाही,
तसं.
जवस कुटून पाण्यात घातलं.
दहा मिनिटांत त्याला तार सुटली,
नुकत्या जन्मलेल्या वासराच्या नाकासारखी.
अंड्याचं काम आता हिने करायचं.
तेल, साखरेचा काळा पाक,
मूठभर गोठलेल्या लिंगनबेरी.
मग झाकून ठेवायचं, वीस मिनिटं.
ओट्सना पाणी प्यायला वेळ लागतो.

त्या वीस मिनिटांत मी काय करायचं
ते लिफाफ्यावर नव्हतं.

ती नऊ वर्षांची होती.
याच टेबलाच्या त्या टोकाला, पोट धरून.
पुढ्यात राईच्या पावाची जाड चकती,
वर आमच्याच गायींचं लोणी.
खाईल हळूहळू, हिल्का म्हणाली.
मी म्हणालो, नाटकं पुरे,
ताट संपल्याशिवाय उठायचं नाही.
ती उठली नाही.
मी धारा काढून परत आलो
तेव्हाही तिथेच होती.
पाच वर्षांनी कुओपिओच्या डॉक्टरांचं पत्र आलं.
हिल्का रडली.
मी कुंपण दुरुस्त करायला गेलो.
जानेवारीत. जमीन दगड झालेली,
पहारही शिरेना.

पहिला घाणा: उलथनं घातलं आणि भुगा.
पाखरांना टाकला, त्यांनी तक्रार केली नाही.
फोन लावला. "तुटतंय."
"बाबा, गरम असताना हात लावलास ना?"
"लावला."
"थंड होईपर्यंत लावायचा नाही.
त्यात धरून ठेवणारं काही नसतं.
सोडून दिलं, तर आपलं आपण घट्ट होतं."
ती बिस्किटांबद्दलच बोलत होती,
माझ्या मते.

दुसरा घाणा खिडकीत ठेवला
आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो.
बाहेर तीन वाजताच अंधारलं.
गोठ्यात दिवा लावायला उठलो,
दारापर्यंत गेलो, आणि आठवलं.

शनिवारच्या बसने आली.
बूट आपटले, बर्फ पायरीवर.
गोठ्याकडे तिने एकदाच पाहिलं.
एक उचललं, उभ्यानेच खाल्लं,
बराच वेळ चावत राहिली.
"मीठ घातलं नाहीस."
मी चष्मा शोधला, लिफाफा शोधला,
तळाशी पेन्सिलीने लिहिलं:
मीठ, चिमूटभर.
मान वर केली तर
दुसरं घेऊन ती बसली होती.
त्या टोकाला नाही.
खिडकीकडच्या खुर्चीवर.